डॉक्टरांपर्यंत न गेलेली वही

स्वमग्न मुलांना दिल्या जाणाऱ्या मानसोपचाराच्या औषधांबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. गोळी सुरू झाली की हार झाली. कुणाची हार, हे मी स्वतःला विचारत नव्हते. आईबापांची असेल, शाळेची असेल, डॉक्टरांची असेल. माझी नसायची, कारण गोळी देणाऱ्यांत मी नव्हते. मी विशेष शिक्षिका, वर्तन विश्लेषण शिकून आलेली. मूल का ओरडतं, का चावतं, डोकं का आपटून घेतं हे शोधायचं आणि तेच मागणं मांडायची दुसरी रीत त्याला शिकवायची, हे माझं काम. गोळी मुलाला गप्प करते आणि मी त्याला शिकवते, अशी वाटणी मी मनात करून टाकली होती.

ती वाटणी चुकीची होती. ती कशी मोडली ते लिहावंसं वाटतं, कारण माझ्यासारखं काम करणाऱ्या मुली आता तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या आहेत आणि त्यांतल्या काहींच्या बोलण्यात मला माझा जुना सूर ऐकू येतो.

मताचा काही भाग वाचनातून आला होता आणि ते वाचन खोटं नव्हतं. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला. बौद्धिक अक्षमता असलेल्या, आक्रमक वागणाऱ्या ८६ प्रौढांपैकी काहींना हॅलोपेरिडॉल दिलं, काहींना रिस्पेरिडोन, काहींना औषधच नसलेली पण तशीच दिसणारी गोळी. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली, आणि सगळ्यात जास्त कमी झाली ती औषध नसलेल्या गटात. २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने अंदाज काढला की तिथले बौद्धिक अक्षमता असलेले ३० ते ३५ हजार प्रौढ योग्य वैद्यकीय कारण नसताना अशी औषधं रोज घेत आहेत. पुढच्या वर्षी ती कमी करण्याची मोहीमच तिथे सुरू झाली. हे सगळं मला पाठ होतं. पण ते अभ्यास प्रौढांचे होते आणि मी ते माझ्याकडे येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोरांना लावत होते. मला हवं तेवढंच मी वाचत होते.

मताचा दुसरा भाग वाचनातून आलेला नव्हता. औषधाशिवाय सुधारलेलं प्रत्येक मूल माझ्या खात्यावर जमा व्हायचं. गोळी घेणारं मूल सुधारलं तर श्रेय वाटून घ्यावं लागलं असतं. हे मी तेव्हा कधीच कबूल केलं नसतं. मुलाच्या भल्याची भाषा बोलत होते आणि आत हिशेब स्वतःचा चालला होता.

नांदूरघाट हे केज तालुक्यातलं, बालाघाटच्या पट्ट्यातलं गाव. पुण्यात शिकून मी इथे परत आले तेव्हा आसपासच्या वस्त्यांवर, तांड्यांवर स्वमग्नता हा शब्द जवळपास कुणाला माहीत नव्हता. मूल बोलत नाही, नजर देत नाही, म्हणून आईबाप आधी देवाला नेत, मग अंगारा, मग कुणी सांगेल तो डॉक्टर. माझ्यापर्यंत येईपर्यंत पुष्कळ पैसा आणि त्याहून जास्त धीर खर्च झालेला असायचा. कायद्याने २०१६ साली स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत धरलं, शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारी आरोग्य पथकं फिरतात, दिव्यांगाचं कार्ड निघतं. पण ते कार्ड हातात आल्यावर पुढे काय, याचं उत्तर जवळपास मिळत नाही. लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाहीत. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावं लागतं, नाहीतर बीड, लातूर, थेट पुणे. अशा ठिकाणी मी होते, आणि माझ्या कामाची हद्द कुणी आखून दिलेली नव्हती. भारतात वर्तन विश्लेषकाला परवाना घेऊनच काम करता येईल, अशी व्यवस्था तेव्हा प्रत्यक्षात नव्हती. ज्या अमेरिकी मंडळाच्या प्रमाणपत्राकडे आम्ही बघायचो, त्यानेही २०२३ पासून इथल्या नव्या उमेदवारांसाठी दार बंद केलं. हद्द आखलेली नसली की माणूस ती स्वतःच्या सोयीने आखतो.

ज्या मुलामुळे हे सगळं हललं तो ऊसतोड मजुरांचा. बोलत नव्हता. मनगट चावायचा, जमिनीवर डोकं आपटायचा, आणि दार उघडं दिसलं की सुसाट पळायचा. बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी त्याला रिस्पेरिडोन सुरू केलेलं होतं. आई गोळी नियमाने द्यायची. मी त्यांच्या घरी जायला लागले तेव्हा पहिल्याच भेटीत ती गोळ्यांची पट्टी फडताळात पाहिली आणि माझ्या कपाळावर आठी पडली. ती आईने पाहिली असणार.

काम मात्र मी मन लावून केलं, आणि ते कामही खरं होतं. आमच्या विद्येचा पाया साधा आहे: वागण्याला कारण असतं. मुलाला काहीतरी टाळायचं असतं, काहीतरी मिळवायचं असतं, कुणीतरी आपल्याकडे बघावं असं वाटत असतं, किंवा त्या कृतीतच त्याच्या शरीराला काही मिळत असतं. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली अशी कारणं वेगळी काढून तपासायची पद्धत मांडली. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क डुरांड यांनी दाखवून दिलं की मारून, ओरडून जे मागितलं जातं तेच खुणेने किंवा शब्दाने मागायला शिकवलं, तर मारणं आणि ओरडणं ओसरतं. माझ्या वहीत म्हणून चार घरं आखलेली असायची. या मुलाच्या बहुतेक रेघा पहिल्या घरात पडल्या. घराशेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज सुरू झाला, चार पाहुणे एकदम बोलायला लागले, की त्याला तिथून निघायचं असायचं. आम्ही त्याला आईच्या मनगटावर हात ठेवायला शिकवलं. हात ठेवला की आई त्याला घेऊन मागच्या पडवीत जायची. पावसाळा सरेपर्यंत वहीतल्या रेघा निम्म्याहून खाली आल्या.

तेव्हा मी त्याच्या आईला म्हणाले, “वहिनी, आता गोळ्यांशिवायही जमेल की याचं.”

बंद करा, असं मी म्हणाले नाही. हे वाक्य मी पुढे किती वेळा स्वतःला ऐकवलं! बंद करा असं म्हणाले नाही, तसा मला अधिकारच नव्हता, तिने ऐकताना चूक केली. पण तिने चूक केली नव्हती. मला जे म्हणायचं होतं तेच तिने बरोबर ऐकलं. जबाबदारी येणार नाही अशा शब्दांत सल्ला देण्याची हुशारी मी दाखवली होती. गोळ्यांना दर महिन्याला पैसे लागत होते, शिकलेली ताई नको म्हणत होती. तिने गोळ्या थांबवल्या. एकदम थांबवल्या, कारण हळूहळू कमी कराव्या लागतात हे तिला सांगायला कुणी नव्हतं. डॉक्टर दूर होते. मी जवळ होते आणि मला ते ठाऊक होतं.

आठवड्याभरात मुलाची झोप गेली. घाम येऊ लागला, पोटात ढवळल्यासारखं करायचा, एका जागी बसेना. ओठ आणि जीभ चाळवत राहायचा. डोकं आपटणं पहिल्याहून वाढलं. मी गेले, पाहिलं, वहीत लिहिलं आणि समजावून सांगितलं. आमच्या शास्त्रात एक गोष्ट शिकवतात: ज्या वागण्याला पूर्वी फळ मिळायचं आणि आता मिळत नाही, ते विझण्याआधी काही दिवस भडकतं. तो भडका सोसायचा, मागे हटायचं नाही. मी त्याच्या आईला तेच सांगितलं. तोंड चाळवणं ही नवी स्वमग्न हालचाल आहे, असंही सांगितलं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. माझी विद्या चुकू शकते अशी जागाच मी तिच्यात ठेवली नव्हती: वागणं कमी झालं तर उपाय लागू पडला, वाढलं तर भडका. शरीरातून औषध एकाएकी काढून घेतलं की शरीर काय करतं, हा प्रश्न माझ्या चार घरांत बसत नव्हता, म्हणून मी तो विचारलाच नाही.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी निघाली. मागे सांभाळायला आजी होती, पण तिला या मुलाच्या मागे पळता येत नव्हतं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात, तिथेही असं मूल ठेवून घेणारं कुणी नव्हतं. म्हणून तोही गेला, कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या हद्दीत, पाचटाच्या कोपीत राहायला. पहाटे अंधारात फडावर जायचं, ट्रॅक्टर रात्री-अपरात्री ऊस भरायला येणार, सगळीकडे कोयते. मी त्याला गिरणीच्या आवाजापासून दूर जायला शिकवलं होतं. फडात दूर जायला मागची पडवी नव्हती, आणि आईचं मनगट कोयता धरून होतं.

तिचा फोन यायचा. मागे मुलाचा आवाज. मी सांगायचे, “टिकून राहा. मागे हटू नका.” नंतर फोन येणं बंद झालं. सगळं सुरळीत झालं असेल असं मी धरून चालले. चौकशीसाठी मी स्वतः फोन केला नाही. उत्तर काय येईल याची भीती होती, असं आज वाटतं.

पाडव्याच्या सुमारास टोळी परत आली. मी त्यांच्या घरी गेले. मुलगा ओसरीवर बसला होता, गुबगुबीत झालेला, शांत. मला आधी आनंद झाला, आणि त्या आनंदात मी माझं श्रेयही मोजून घेतलं. मग तिने ट्रंकेतून कॅलेंडरची पानं काढली.

काही पानं जुन्या वर्षाची होती, काही किराणा दुकानातून मिळालेल्या नव्या कॅलेंडरची, कारण हंगामाच्या मधेच वर्ष बदलतं. तिला लिहिता येत नाही. दुधाचा खाडा जसा कॅलेंडरवर मांडतात तशा तिने तारखेच्या चौकोनात रेघा ओढल्या होत्या. सकाळचा झटका वर, संध्याकाळचा खाली. रात्र जागून काढली तर गोल. हे मी तिला शिकवलं होतं का? थोडंसं, रेघ ओढायची एवढंच. बाकीचं तिचं तिने बसवलं होतं, आणि त्याला एक कारण होतं. मूल सांभाळायला ती कोपीवर थांबली की त्या दिवशी जोडीतला एकच जण फडावर, म्हणजे खाडा. मुकादमाच्या हिशेबात खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते. तिला स्वतःचा हिशेब ठेवणं भाग होतं, नाहीतर मुकादम सांगेल तो आकडा मान्य करावा लागला असता. माझ्या वहीपेक्षा तिची पानं खरी होती, कारण त्यांच्यावर तिच्या पोटाचा हिशेब होता.

मी ती पानं घेऊन ओसरीवर बसले. रेघा वाचायला मी शिकले आहे, तेवढं मला येतं. नोव्हेंबरचे चौकोन भरलेले. जिथे गोल होता त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात रेघांना जागा पुरत नव्हती; जिथे रात्री झोप झाली होती तिथे दुसरा दिवस बरा. म्हणजे हा भडका नव्हता. भडका झोपेच्या मागे मागे चालत नाही. हे मूल झोपेविना फुटत होतं, आणि झोप गेली होती ती गोळी थांबवल्यापासून. डिसेंबरातल्या एका तारखेवर लाल टिकली चिकटवलेली होती. “हे काय?” मी विचारलं. त्या दिवशी तिने कारखान्याजवळच्या डॉक्टरांना जुनी चिठ्ठी दाखवून गोळी पुन्हा चालू करून घेतली होती. टिकलीनंतर काही दिवसांत गोल विरळ झाले, मग दिसेनासे झाले. रेघाही आटल्या. तिने मला फोन का केला नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी काय सांगणार हे तिला माहीत होतं.

पण पानं तिथे संपत नव्हती. फेब्रुवारीपासून चौकोनांच्या खालच्या बाजूला नव्या रेघा दिसत होत्या. सगळ्या संध्याकाळच्या. ती म्हणाली, “हे भाकरीसाठी. पोटच भरंना त्याचं. दुसऱ्याच्या कोपीत शिरून टोपल्यात हात घालायचा. ओढलं की चावायचा.”

रिस्पेरिडोनने भूक वाढते. हे औषधाच्या माहितीपत्रकात असतं, मी ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. २००२ साली अमेरिकेत १०१ स्वमग्न मुलांवर या औषधाचा आठ आठवड्यांचा अभ्यास झाला. औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांची चिडचिड ठळकपणे कमी झाली, बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांची. त्याच आठ आठवड्यांत औषधवाल्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ किलोने. मला हे ठाऊक होतं आणि तरी त्या ओसरीवर मला एक गोष्ट पहिल्यांदा कळली. ही संध्याकाळची चावाचावी मला माझ्या वहीत सापडली असती, तर मी ती दुसऱ्या घरात टाकली असती: ‘काहीतरी मिळवायचं आहे’. आणि सल्ला दिला असता, की ओरडल्यावर भाकरी देऊ नका. गोळीने लागलेली भूक मी हट्ट म्हणून लिहिली असती. उपाशी मुलाला शिस्त लावली असती.

मी गप्प बसले होते. तिनेच विचारलं, “ताई, तुम्हीच सांगितलं व्हतं लिव्हून ठिवा म्हणून. म्या ठिवलं. मग तुमची वही घिऊन डॉक्टरपसी तुम्ही कामून न्हाई आल्या?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी दर भेटीत लिहायचे, तारीख घालायचे, तक्ते काढायचे. मग ते जातं कुठे? तिला वाटत होतं की ते डॉक्टरांकडे जात असणार, नाहीतर लिहायचं कशाला. ते कुठेच जात नव्हतं. ते माझ्या कपाटात होतं. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना गोळीनंतर मूल किती वेळा डोकं आपटतं ते माहीत नव्हतं, कारखान्याजवळच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, “आता त्रास कमी आहे ना?” आणि ती हो म्हणाली होती, कारण ते खरं होतं. भुकेचं कुणी विचारलं नाही. मला आकडे माहीत होते आणि गोळीशी मला बोलायचंच नव्हतं. दोन्ही बाजू फक्त तिला माहीत होत्या, आणि तिला विचारणारं कुणी नव्हतं. ज्या डॉक्टरांना मी मनात नावं ठेवत होते, ते आंधळेपणाने मात्रा ठरवत असतील तर त्यांचे डोळे माझ्या कपाटात बंद होते.

मी तिला सांगितलं की चूक माझी होती. गोळी तशी एकदम थांबवायची नसते आणि हे मला ठाऊक असून मी बोलले नाही. ती म्हणाली, “झालं ते झालं. आता भुकंचं काय करायचं ते सांगा.” तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिच्यापुढे काम होतं, माफी द्यायला ती बसलेली नव्हती.

त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी नव्याने वाचल्या. २००९ साली, २००२ च्या अभ्यासामागच्याच अमेरिकी गटाने १२४ मुलांवर केलेला अभ्यास मी आधी ठिकठिकाणी सांगत आले होते. काही मुलांना नुसतं औषध, काहींना औषध आणि पालकांना वर्तन प्रशिक्षण. चोवीस आठवड्यांनी दुसरा गट सरस ठरला. बघा, प्रशिक्षण जिंकलं, असं मी सांगायचे. पण त्या गटातली मुलंही औषध घेत होती! प्रशिक्षणामुळे त्यांना ते किंचित कमी मात्रेत पुरलं, ही त्यातली खरी मोलाची बातमी होती, आणि तीच मी गाळत होते. गोव्यात ‘संगत’ संस्थेत आणि पलीकडे रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर अभ्यास झाला, त्यातल्या एका गटाच्या पालकांना तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी शिकवलं, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. माझ्यासारखीला हुरूप देणारी गोष्ट आहे ती: साध्या घरांतले आईबाप प्रशिक्षित कार्यकर्तीच्या मदतीने मुलाच्या कलाने खेळायला शिकतात आणि मूल स्वतःहून संवाद सुरू करायला लागतं. पण गोळी लागत नाही, असं त्या अभ्यासाने म्हटलेलंच नाही. ते मी त्याच्या तोंडी घातलं होतं.

आणि आमच्या विद्येला गोळीकडे नाक मुरडण्याचा अधिकार तरी कुठून आला? १९६० च्या दशकात इवार लोवास यांनी स्वमग्न मुलांना वागणं सुटावं म्हणून विजेचे झटके दिले होते. ते आमच्याच घराण्यातले. मोठी झालेली स्वमग्न माणसं आज लिहितात, की लहानपणी ‘उपचार’ म्हणून आम्हाला हात हलवू दिले नाहीत, नजर द्यायला लावली, आणि त्याने आमच्यात भीती बसली. मी मुलांशी तसं वागले नाही. पण ‘भडका सोसा’ म्हणून फोनवर सांगणारी मी, त्या परंपरेपासून मला वाटत होतं तितकी दूर नव्हते.

आता मी काय करते ते सांगते, त्यात थोर काही नाही. गोळी सुरू होण्याआधी काही आठवडे मोजणी होते. कुठलं वागणं कमी व्हायला हवं ते आईच्या शब्दांत लिहिते: ‘चिडतो’ असं नाही, ‘डोकं जमिनीवर आपटतो’ असं. मग रोजची झोप, जेवण, शौच, दर महिन्याचं वजन. मात्रा बदलली ती तारीख. येरझारा वाढल्या का, लाळ गळते का, मुलगी वयात आलेली असेल तर पाळी चुकते का. एकदम बसवेनासं झालं तर ते औषधाचंही असू शकतं, म्हणून ते वेगळं. हे सगळं एका पानावर, कारण डॉक्टरांपाशी बाहेर रांग असते. शक्य असेल तेव्हा आईबरोबर मी जाते. पानावर ‘वाढवा’ किंवा ‘बंद करा’ असं कधीच लिहीत नाही. आणि आईला आता उघड शब्दांत सांगते, की स्वमग्नतेवर गोळी नाही. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने २००६ साली रिस्पेरिडोनला मान्यता दिली ती ५ ते १६ वर्षांच्या मुलांची चिडचिड, स्वतःला इजा करून घेणं कमी व्हावं यासाठी. बोलणं यावं, नजर द्यावी यासाठी नाही. जिथे बोलणं येईल अशा आशेने गोळी सुरू होते, तिथे मात्रा वाढत जाते आणि मूल पेंगत राहतं.

काही डॉक्टर पान बघतच नाहीत, बाजूला सारतात. काही नीट वाचतात. एका मुलीची मात्रा दोनदा वाढवलेली होती, कारण ती जबड्यावर बुक्क्या मारून घेत होती. पानावर दिसलं की बुक्क्या जेवतानाच, आणि डाव्याच बाजूला. डॉक्टरांनी तिथेच बॅटरी घेऊन तोंड तपासलं. दाढ किडलेली होती. वागण्याला शारीरिक कारण असण्याची शंका असेल तर आधी ते तपासून घ्या, असं आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या वहीत चार घरांच्या आधी आता एक जागा रिकामी ठेवलेली असते: दात, कान, पोट, झोप, आणि गोळी.

पण गोळीची भीती माझ्या मनातून गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असंच वाटतं. २०१९ साली आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळी आणि दुखणी आली की खाडा पडतो, म्हणून पिशवीच काढलेली बरी, असं बायकांना वाटावं इतकी ती मजुरी कडक. त्या फडावर आईच्या खाड्यासाठी मुलाला गोळी दिली जाते आहे का, हा प्रश्न मला पडतो. या मुलाच्या बाबतीत उत्तर सरळ नाही. गोळीने त्याला झोप मिळाली, त्याचं कपाळ फुटायचं थांबलं. गोळीमुळेच त्याची आई फडावर जाऊ शकली, हेही तितकंच खरं. पाचटाची कोपी, रात्रीचे ट्रॅक्टर आणि कोयत्यांच्या मधलं बालपण त्याला सोसवत नाही, आणि ते सोसवावं म्हणून आपण त्याच्या मेंदूत औषध घालतो. त्या आईला मी यासाठी बोल लावणार नाही. मुकादम, कारखाना, उचल, यांतलं काहीच माझ्या पानावर मावत नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही नाही.

मुलाला स्वतःला काय वाटतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तो बोलत नाही, पण आता चित्रांकडे बोट दाखवतो. गोळीचं, झोपेचं, पोटाचं चित्र आम्ही त्याच्या पाटीवर घातलं आहे. एवढ्यात त्याने गोळीचं चित्र दोनदा उलटं करून ठेवलं. त्याचा अर्थ मी लावणार नाही. तारखेसह लिहून ठेवलं आहे.

भुकेचा उपाय आधी डॉक्टरांनी केला, मात्रा थोडी उतरवली. उरलेला आम्ही केला: संध्याकाळची भाकरी तासभर अलीकडे आणली, मधे फुटाणे आणि काकडी, आणि भूक लागली की चित्र दाखवायचं. पोटाचा घेर कमी झालेला नाही. दिवाळीनंतर टोळी पुन्हा निघेल. त्याआधी त्याचं वजन आणि रक्तातली साखर तपासून घ्यायची आहे, आणि तिकडच्या डॉक्टरांसाठी पान तयार करून आईच्या ट्रंकेत ठेवायचं आहे. मात्रा आणखी उतरवून बघायची का, हे इथले डॉक्टर ठरवतील. तसं करायचं असेल तर फडावर नको, पाडव्यानंतर गावी परतल्यावर करावं, असं माझं मत आहे. ते मी पानावर लिहिणार नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन.